औषधनिर्मात्याचे शिक्षण : घरी किती, औषधालयात किती?

बारावीचा निकाल लागला की गावोगावच्या शाळांत आणि ग्रामपंचायतीच्या कार्यालयांत एक प्रश्न हमखास येतो : "गुरुजी, मुलाला औषधाच्या दुकानाचा कोर्स करायचा आहे. मोबाइलवर घरबसल्या होतो म्हणतात. घालू का त्याला?" विचारणारा पालक बहुधा लहान शेतकरी किंवा मजूर असतो. मुलाला जिल्ह्याच्या गावी ठेवण्याचा खर्च त्याला जड जातो. मुलगी असेल तर तिला दूर पाठविण्यास घरची माणसे कचरतात. अशा घराला 'सहा महिन्यांत ऑनलाइन फार्मसी टेक्निशियन' अशी जाहिरात मोठा आधार वाटली, तर त्यात नवल नाही.

या प्रसंगी शिक्षकाने, ग्रामसेवकाने वा सरपंचाने दिलेला सल्ला त्या कुटुंबाची पुंजी आणि त्या मुलाची उमेदीची वर्षे वाचवू शकतो. इतकेच नव्हे, तर उद्या त्याच्या हातून औषध घेणाऱ्या रुग्णाचे हितही त्या सल्ल्यावर अवलंबून असते. म्हणून या शिक्षणाचा कोणता भाग घरी बसून शिकता येतो, कोणता येत नाही आणि कायद्याने औषध देण्याचा अधिकार कोणाला आहे, याची माहिती येथे दिली आहे.

नाव एक, व्यवस्था निराळ्या

'फार्मसी टेक्निशियन' हा शब्द आपल्याकडे मुख्यतः परदेशातून आला. अमेरिकेत नोंदणीकृत औषधनिर्मात्याच्या हाताखाली काम करणाऱ्या साहाय्यकाला ही संज्ञा आहे. औषधे मोजणे, बाटलीवर चिठ्ठी लावणे, साठा सांभाळणे, विम्याचे कागद पाहणे ही त्याची कामे. अंतिम तपासणी व रुग्णास सल्ला ही जबाबदारी मात्र औषधनिर्मात्याची. या साहाय्यकांची राष्ट्रीय पातळीवर परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देणारे मंडळ तेथे १९९५ साली स्थापन झाले. ब्रिटनमध्ये २०११ पासून टेक्निशियनला नोंदणी सक्तीची आहे. या देशांत सैद्धान्तिक पाठ ऑनलाइन घेता येतात हे खरे; पण अमेरिकेतील मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांतही काही ठरावीक तास प्रत्यक्ष औषधालयात काम करावेच लागते.

आपल्या देशातील व्यवस्था निराळी आहे. आपल्या फार्मसी कायद्यात 'टेक्निशियन' अशी स्वतंत्र श्रेणी नाही. कायदा ओळखतो तो 'नोंदणीकृत औषधनिर्मात्या'ला. तेव्हा परदेशी नावाचे प्रमाणपत्र मिळाले, म्हणून आपल्या राज्यात औषधे देण्याचा अधिकार मिळाला, असे होत नाही. पालकांचा गोंधळ होतो तो नेमका येथे.

कायदा काय म्हणतो?

भारतात औषधनिर्माणशास्त्राचे रीतसर विद्यापीठीय शिक्षण १९३२ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्राध्यापक महादेव लाल श्रॉफ यांच्या प्रयत्नांनी सुरू झाले. त्याच सुमारास कर्नल रामनाथ चोप्रा यांच्या अध्यक्षतेखालील औषध चौकशी समितीने देशातील औषधांची निर्मिती, विक्री आणि व्यवसाय यांवर नियंत्रण असावे अशी शिफारस केली होती. त्यातून पुढे दोन कायदे झाले. औषधांच्या दर्जाचे व विक्रीचे नियमन करणारा कायदा १९४० चा आणि औषधनिर्मात्यांचे शिक्षण व नोंदणी यांचे नियमन करणारा फार्मसी कायदा १९४८ चा.

फार्मसी कायद्याचे कलम ४२ प्रत्येक पंचायत सदस्यास ठाऊक असावे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध तयार करणे, मिसळणे किंवा रुग्णास देणे हे काम नोंदणीकृत औषधनिर्मात्यानेच करावे, अथवा त्याच्या प्रत्यक्ष व वैयक्तिक देखरेखीखाली व्हावे, असे हे कलम सांगते. याचा भंग हा दंडनीय अपराध आहे. नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर आणि औषधनिर्माता परगावी, ही स्थिती कायद्याला मान्य नाही. प्रमाणपत्र दुकानाला मिळत नसून व्यक्तीला मिळते आणि ती व्यक्ती तेथे हजर असणे हाच त्याचा अर्थ आहे.

नोंदणी राज्याच्या फार्मसी कौन्सिलकडे होते. ज्या अभ्यासक्रमाला व परीक्षेला केंद्रीय परिषदेची, म्हणजे फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाची, कायद्याच्या कलम १२ खाली मान्यता आहे, तोच नोंदणीसाठी ग्राह्य धरला जातो. पदविका, म्हणजे डी. फार्म., ही त्यासाठी किमान अर्हता होय.

पदविकेचा अभ्यासक्रम

या पदविकेसाठी बारावी विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र व रसायनशास्त्र आणि त्यांच्या जोडीस जीवशास्त्र किंवा गणित असावे लागते. आपल्या राज्यात प्रवेशाची प्रक्रिया तंत्रशिक्षण संचालनालयामार्फत चालते आणि परीक्षा महाराष्ट्र राज्य तंत्र शिक्षण मंडळ घेते.

केंद्रीय परिषदेच्या २०२० च्या शिक्षण विनियमांप्रमाणे अभ्यासक्रम दोन शैक्षणिक वर्षांचा आहे. प्रत्येक वर्षी किमान १८० कामाचे दिवस भरावे लागतात. पहिल्या वर्षात औषधे बनविण्याचे शास्त्र, औषधी रसायनशास्त्र, वनस्पतिजन्य औषधांचा अभ्यास, शरीररचना व शरीरक्रिया आणि सामाजिक औषधशास्त्र हे विषय असतात. दुसऱ्या वर्षात औषधांचा शरीरावरील परिणाम, रोगोपचार, औषधालयाचे व्यवस्थापन, रुग्णालयीन औषधशास्त्र, जीवरसायन आणि औषधविषयक कायदे यांचा अभ्यास होतो. त्यानंतर किमान तीन महिन्यांच्या कालावधीत ५०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण घ्यावे लागते. चिठ्ठी वाचणे, मात्रा तपासणे, औषध देणे, त्याची साठवण करणे आणि कायद्याने लागणाऱ्या नोंदी ठेवणे या गोष्टी विद्यार्थी तेथे काम करता करता शिकतो.

नोंदणीपूर्वी एक निर्गम परीक्षा घेण्याची तरतूद २०२२ च्या विनियमांत करण्यात आली आहे. ती आपल्या तुकडीस कशी लागू आहे, हे विद्यार्थ्याने राज्य कौन्सिलच्या चालू सूचना पाहून खात्री करून घ्यावे.

दूरशिक्षणाने अनेक विषयांत पदवी घेता येते आणि तिला मान्यताही असते. परंतु औषधनिर्माणशास्त्र त्यांत मोडत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी ज्या विषयांचे अभ्यासक्रम दूरस्थ वा ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास मनाई केली आहे, त्यांत हा विषय स्पष्टपणे नमूद आहे. पदविकेसही नियमित उपस्थिती व प्रात्यक्षिके आवश्यक आहेत. यामागील कारण समजून घेण्यासाठी एक उदाहरण पाहू.

एक लहानसे गणित

दहा किलो वजनाच्या तापलेल्या बालकासाठी डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहून दिले आहे. मात्रा दर किलोस १५ मिलिग्रॅम धरली, तर एका वेळेस १५० मिलिग्रॅम औषध द्यावयाचे आहे. हे औषध बाजारात निरनिराळ्या तीव्रतेचे मिळते. ज्या पातळ औषधाच्या ५ मिलिलिटरमध्ये १२५ मिलिग्रॅम आहे, त्याचे ६ मिलिलिटर लागतील. ज्याच्या ५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम आहे, त्याचे ३ मिलिलिटर पुरतील. आणि ज्या थेंबांच्या एका मिलिलिटरमध्येच १०० मिलिग्रॅम आहे, त्यांचे अवघे दीड मिलिलिटर पुरेसे होईल.

आता असे समजा की दुकानातील व्यक्तीने पहिल्या औषधाऐवजी थेंबांची बाटली दिली आणि आईला "सहा मिलिलिटर पाजा" असे सांगितले. बालकाच्या पोटात ६०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपट औषध गेले. औषधाचे नाव तेच होते आणि बाटलीही अस्सल होती. चूक केवळ तीव्रता न वाचण्याची होती. पण वारंवार घडल्यास ती यकृताला घातक ठरते.

हे त्रैराशिक ऑनलाइन शिकता येते; शाळेतील मुलेही ते सोडवतील. परंतु दुकानात सहा गिऱ्हाईके उभी असताना आणि चिठ्ठीवरील अक्षर अस्पष्ट असताना बाटलीवरील बारीक आकडा न चुकता वाचणे ही सवयीची बाब आहे. आईला मोजमापाची टोपी दाखवून "येथपर्यंत" असे सांगणे, आणि ते तिला समजले की नाही हे तिच्याच तोंडून वदवून घेणे, हेही पाठ ऐकून येत नाही. अनुभवी औषधनिर्मात्याच्या शेजारी उभे राहून, त्याने हात धरून थांबविल्यावरच ते अंगी बाणते.

अशी आणखीही उदाहरणे आहेत. मेथोट्रेक्सेट हे औषध संधिवातात आठवड्यातून एकदा घ्यावयाचे असते. रोज घेतले गेल्यास जिवावर बेतू शकते. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. ते गोठले तर निकामी होते आणि पाहणाऱ्याला ते नेहमी कळतेच असे नाही. प्रतिजैविकाची कोरडी भुकटी उकळून गार केलेल्या पाण्याने खुणेपर्यंत भरावी लागते. पाणी कमी-जास्त झाले, तर प्रत्येक चमच्यातील मात्रा बदलते. २०१३ साली अधिसूचित झालेल्या 'एच-१' या अनुसूचीतील औषधांच्या विक्रीची नोंद वेगळ्या वहीत करून ती तीन वर्षे जपावी लागते. नियम वाचून पाठ होतो. नोंद रोजच्या रोज करण्याची शिस्त कामातूनच लागते.

ऑनलाइन शिक्षणाचे खरे स्थान

याचा अर्थ ऑनलाइन शिक्षण टाकाऊ आहे असा नाही. २०२० च्या साथीत महाविद्यालये बंद असताना सैद्धान्तिक पाठ याच मार्गाने चालू राहिले. केंद्र शासनाच्या 'स्वयम्' या शिक्षणमंचावर विज्ञान व आरोग्य विषयांचे पाठ विनामूल्य पाहता येतात. पदविकेचा ग्रामीण विद्यार्थी औषधांची मूळ नावे, चिठ्ठीतील संक्षेप, मात्रेचे हिशोब आणि शरीरक्रियेची चित्रे घरी पुन्हा पुन्हा पाहून पक्की करू शकतो. जो विषय वर्गात एकदाच ऐकला जातो, तो त्याला दहा वेळा ऐकता येतो. नोंदणी झालेल्या औषधनिर्मात्यालाही नव्या औषधांची माहिती मिळविण्यास हे साधन उपयोगी आहे.

औषधालयात साहाय्यक म्हणून काम करू इच्छिणाऱ्यांसाठी कौशल्य विकासाचे लहान अभ्यासक्रमही आहेत. साठा लावणे, मुदत संपलेली औषधे वेगळी काढणे, बिले करणे ही कामे त्यांतून शिकता येतात आणि त्यावर प्रामाणिक रोजगारही मिळतो. मात्र असा साहाय्यक हा साहाय्यकच राहतो. तो कितीही वर्षे काम करो, केवळ त्या प्रमाणपत्रावर त्याची औषधनिर्माता म्हणून नोंदणी होत नाही. पालकांना हा फरक पैसे भरण्यापूर्वी कळावयास हवा.

प्रवेशापूर्वी विचारावयाचे प्रश्न

सल्ला मागावयास आलेल्या पालकाला पुढील पाच प्रश्न कागदावर लिहून द्यावेत.

१. या अभ्यासक्रमाने राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी होते काय? उत्तर लेखी मागावे.

२. संस्थेचे नाव केंद्रीय परिषदेच्या मान्यताप्राप्त संस्थांच्या यादीत चालू वर्षासाठी आहे काय? राज्यातील संलग्नता आणि केंद्रीय परिषदेची मान्यता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत; दोन्ही हव्यात.

३. परीक्षा कोण घेते? संस्था स्वतःच परीक्षा घेऊन स्वतःच प्रमाणपत्र देत असेल, तर सावध व्हावे.

४. प्रयोगशाळा कोठे आहे आणि ५०० तासांचे प्रशिक्षण कोणत्या औषधालयात वा रुग्णालयात होणार? शक्य तर ती जागा जाऊन पाहावी.

५. 'हजेरीची गरज नाही' असे कोणी सांगते काय? सांगत असेल, तर तेथेच विषय संपवावा.

मान्यताप्राप्त संस्थांची यादी परिषदेच्या संकेतस्थळावर पाहता येते. ज्या मोबाइलवर जाहिरात आली, त्याच मोबाइलवर ती यादी उघडून पालकाला दाखविण्यास शिक्षकास फार वेळ लागणार नाही.

रीतसर पदविका घेतलेल्या तरुणापुढे अनेक वाटा खुल्या असतात. प्राथमिक आरोग्य केंद्रांत व शासकीय रुग्णालयांत औषधनिर्माण अधिकाऱ्याची पदे असतात. जनऔषधी केंद्र चालवावयाचे, तर अर्जदार स्वतः अर्हताधारक असावा लागतो किंवा तशी व्यक्ती नेमावी लागते. पदविकेनंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मिळू शकतो. वसतिगृहाचा व प्रवासाचा खर्च सोसून काढलेली दोन वर्षे अशा रीतीने फळास येतात. कमी खर्चात झालेला, पण नोंदणीस न चालणारा अभ्यासक्रम शेवटी महागच पडतो.

गावातील माणूस डॉक्टरांकडे क्वचित जातो, औषधाच्या दुकानात मात्र वारंवार जातो. आजारी माणसाला औषध हाती देणारी व्यक्ती ही आरोग्यव्यवस्थेची शेवटची कडी होय. तिच्यानंतर चूक पकडणारे कोणी नसते. म्हणून त्या जागी उभे राहू इच्छिणाऱ्या मुलामुलींना पुस्तक घरी वाचू द्यावे, पाठ मोबाइलवर ऐकू द्यावेत. पण हाताचे काम जाणत्या माणसाच्या नजरेखालीच शिकावे, असा आग्रह गुरुजींनी, सरपंचांनी आणि पालकांनी मिळून धरावा.