मोडीत निघालेली खुर्ची

प्रस्तावना

खुर्चीचा पाय डुगडुगू लागला, फडताळाचे दार निखळले किंवा बाजेची पाटी चिरली, की आपण ती वस्तू गच्चीवर नाहीतर जिन्याखाली टाकतो. काही महिन्यांनी भंगारवाला ती पन्नास-शंभर रुपयांत घेऊन जातो. पण वस्तू मोडली म्हणजे ती निरुपयोगी झाली, असे म्हणता येईल का? प्रस्तुत पाठात एका खुर्चीच्या गोष्टीतून आपण या प्रश्नाचा विचार करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यानंतर तुम्हाला –
• चंदीगडच्या सागवानी खुर्च्यांचा इतिहास सांगता येईल;
• जुन्या लाकडी वस्तूचे मोल कशात असते, हे स्पष्ट करता येईल;
• जुनी वस्तू दुरुस्त करताना घ्यावयाची काळजी सांगता येईल.

मूळ पाठ

१. नव्या शहराची खुर्ची

१९४७ साली देशाची फाळणी झाली आणि पंजाबची राजधानी लाहोर पाकिस्तानात गेली. भारतातील पंजाबसाठी शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी चंदीगड हे नवे शहर वसविण्यात आले. त्याचा आराखडा ल कॉर्ब्युझिए या ख्यातनाम वास्तुविशारदांनी तयार केला. त्यांचे चुलत बंधू पिएर जनरे १९५१ साली चंदीगडला आले आणि १९६५ पर्यंत तेथेच राहून त्यांनी हे शहर उभे करण्याचे काम केले.

नव्या कार्यालयांना, न्यायालयाला, विद्यापीठाला व ग्रंथालयांना हजारो खुर्च्या आणि मेजे लागणार होती. जनरे व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांसाठी दोन साध्या गोष्टी निवडल्या : सागवान आणि वेत. या सहकाऱ्यांत यूली चौधरी या भारतीय वास्तुविशारद स्त्रीचाही समावेश होता. खुर्चीचे पाय उलट्या ‘व्ही’ अक्षरासारखे, मजबूत. बैठक व पाठ वेताने विणलेली. वेताच्या विणीतून वारा खेळतो, त्यामुळे उन्हाळ्यातही बसणाऱ्याची पाठ घामाने भिजत नाही. सुतारांनी या वस्तू हातांनी घडविल्या. म्हणूनच एकाच नमुन्याच्या दोन खुर्च्यांतही थोडाफार फरक आढळतो.

२. अडगळ आणि लिलाव

वर्षे लोटली. वेत तुटले, सांधे सैल झाले. कार्यालयांत लोखंडी व प्लॅस्टिकचे नवे सामान आले. जुन्या खुर्च्या गच्च्यांवर आणि व्हरांड्यांत एकावर एक रचल्या गेल्या, ऊन-पाऊस खात पडून राहिल्या. पुढे त्या भंगार म्हणून लिलावात काढण्यात आल्या आणि कवडीमोलाने विकल्या गेल्या.

परदेशी व्यापाऱ्यांनी मात्र त्यांचे मोल ओळखले. त्यांनी खुर्च्या विकत घेतल्या, नवा वेत विणून घेतला, लाकडाला पॉलिश केले. त्यानंतर पॅरिस, लंडन व न्यूयॉर्क येथील लिलावांत त्याच खुर्च्यांना लाखो रुपयांची किंमत येऊ लागली. नोंदीसाठी कार्यालयाने खुर्चीवर रंगविलेली अक्षरे आणि आकडे हाच तिच्या अस्सलपणाचा पुरावा ठरला!

२०११ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने चंदीगडच्या या वारसा-वस्तूंची विक्री व निर्यात रोखण्याचा आदेश काढला. परंतु तोपर्यंत पुष्कळ वस्तू देशाबाहेर गेल्या होत्या. १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरण्यासाठी अशी वस्तू किमान शंभर वर्षे जुनी असावी लागते. त्यामुळे त्या कायद्याचे संरक्षणही या खुर्च्यांना मिळू शकले नाही.

खुर्ची तीच होती, लाकूडही तेच होते. पाहणाऱ्याची दृष्टी तेवढी निराळी होती.

३. वस्तूचे खरे मोल

आपल्या घरातील खुर्चीला लाखो रुपये मिळणार नाहीत, हे खरे. तरीही तिचे मोल आहेच. चांगल्या सागाचे झाड तयार होण्यास साधारणतः पन्नास ते ऐंशी वर्षे लागतात. एका पिढीने लावलेले झाड पुढची पिढी तोडते. सागाच्या लाकडात नैसर्गिक तेल असते. त्यामुळे त्याला वाळवी सहसा लागत नाही. शिवाय, वाळलेल्या लाकडाच्या वजनापैकी जवळजवळ निम्मा भाग कार्बनचा असतो. झाडाने हवेतून घेतलेला हा कार्बन खुर्ची टिकून आहे तोवर तिच्यातच राहतो; ती जाळली की पुन्हा हवेत मिसळतो.

लाकडाच्या भुशाचे व तुकड्यांचे दाबून केलेले तक्ते स्वस्त असतात. परंतु ते पाण्याने फुगतात, आणि एकदा सुटलेला स्क्रू त्यांत पुन्हा घट्ट बसत नाही. भरीव लाकडाचा सांधा मात्र उकलून पुन्हा जोडता येतो.

४. दुरुस्तीची रीत

वस्तू हाती घेण्यापूर्वी ती उलटी करून पाहावी. लाकूड ठोकल्यावर पोकळ वाजत असेल किंवा त्यातून भुसा गळत असेल, तर कीड लागली आहे असे समजावे. अशी वस्तू इतर सामानाजवळ ठेवू नये. लाकूड निरोगी असेल, तर सैल सांधा उकलावा, जुना डिंक खरवडून काढावा, नवा डिंक लावून सांधा दोरीने आवळून रात्रभर ठेवावा. केवळ वरून खिळे ठोकल्यास लाकूड चिरते. वेत विणण्यापूर्वी पाण्यात भिजवतात. तो मऊ होतो आणि वाळल्यावर ताठ बसतो.

एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या रंगांत शिसे असू शकते. भारतात घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांपर्यंत मर्यादित करणारा नियम २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्यापूर्वीचा रंग कोरडा घासू नये. त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. पृष्ठभाग ओला करून, नाकातोंडाला योग्य मुखपट्टी बांधून, मुलांना दूर ठेवूनच हे काम करावे.

जी वस्तू खुर्ची म्हणून उरत नाही, तिच्या फळ्यांचा पाट होतो. जुन्या दाराचे मेज होते. पूर्वीच्या घरांत हे सहज घडत असे. सुतार दारी येई आणि वस्तूला नवे आयुष्य देऊन जाई. आपण दुरुस्तीचे काम दिले, तर त्याचे कसब टिकेल. अन्यथा वस्तूबरोबर ती विद्याही मोडीत निघेल.

शब्दार्थ

मोडीत निघणे – निरुपयोगी ठरून टाकून दिले जाणे
कवडीमोल – अत्यंत कमी किंमत
वास्तुविशारद – इमारतींची रचना करणारा तज्ज्ञ
कसब – कौशल्य

स्वाध्याय

१. चंदीगडच्या खुर्च्यांसाठी वेताचा उपयोग का केला असावा?
२. ‘खुर्ची तीच होती. पाहणाऱ्याची दृष्टी तेवढी निराळी होती.’ या विधानांचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.
३. जुना रंग कोरडा का घासू नये?
४. ‘कवडीमोलाने विकणे’ या वाक्प्रचाराचा वाक्यात उपयोग करा.
५. तुमच्या घरातील सर्वांत जुन्या लाकडी वस्तूविषयी घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. ती कोणी घडवली, कोणी वापरली व आज तिची अवस्था कशी आहे, याविषयी दहा ओळी लिहा.