अपघात कामावर झाला, मग डॉक्टर कोणाचा?

आपल्या मराठी विभागात कविता आणि ट्रिपची वर्णनं दरवर्षी भरपूर येतात. हा लेख त्या मानाने रुक्ष आहे, पण कामाचा आहे. आपल्यापैकी बरेच जण सुट्टीत नागापूर किंवा सुप्याच्या एमआयडीसीत ट्रेनिंगला जातात. आणि पाथर्डी तालुक्यात अशी कितीतरी घरं आहेत, जिथलं कोणी ना कोणी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला बाहेर पडतं. एकीकडे पॉवर प्रेस, दुसरीकडे कोयता आणि डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढणं. दोन्हीकडे हातपाय धोक्यात असतात.

अपघात झाला की पहिला प्रश्न जीव वाचवण्याचा. तेव्हा कायदा आठवत बसू नये, जवळ जो दवाखाना असेल तो गाठावा. खरा घोळ नंतर होतो. पट्टी बांधून झाली, टाके पडले, आता पुढचे उपचार कोणाकडे? मालक म्हणतो आमच्या डॉक्टरकडे या. घरचे म्हणतात गावाकडे आणा, आपल्या माहितीचा माणूस आहे. कायदा नेमकं काय म्हणतो, हे दोघांनाही सहसा ठाऊक नसतं.

कामगार नुकसानभरपाईचा आपला कायदा १९२३ सालचा. २०१० पासून त्याच्या नावातला ‘वर्कमेन’ जाऊन ‘एम्प्लॉइज’ आला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावला गेला. नाव बदललं तरी आपल्या विषयाच्या मूळ तरतुदी तशाच पुढे आल्या आहेत.

या कायद्यात ‘तपासणी’ आणि ‘उपचार’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक नेमके इथेच फसतात.

आधी तपासणी. अपघाताची नोटीस मिळाल्यापासून तीन दिवसांच्या आत मालक आपल्या खर्चाने डॉक्टरकडून तपासणी करून देऊ शकतो. ती त्याने देऊ केली, तर कामगाराने करून घ्यावीच लागते. नकार दिला किंवा अडथळा आणला तर भरपाईचा हक्क तेवढ्या काळापुरता स्थगित होतो. याच तरतुदीत पुढे असंही आहे की, तपासणी न करून घेता कामगार आपणहून कामाच्या ठिकाणाचा परिसर सोडून गेला, तर परत येऊन तपासणीला हजर होईपर्यंत हक्क स्थगितच राहतो.

आता हे पाथर्डीच्या माणसाला लावून बघा. कोल्हापूर किंवा सांगलीकडे फडात एखाद्याचा पाय मोडला. मुकादम म्हणतो, “जा आता घरी, बरा झालास की ये.” तो मिळेल त्या गाडीने गावी येतो. त्याच्या दृष्टीने यात चूक काहीच नाही, कारण परक्या मुलखात खोपीत पडून राहण्यापेक्षा घर बरं. पण पुढे दाव्यात समोरचा वकील म्हणू शकतो की हा तपासणीआधीच निघून गेला. म्हणून निघण्यापूर्वी तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखवून केसपेपर घ्यावा, कामावर असताना लागलं हे त्यात लिहून घ्यावं आणि मालकाला लेखी कळवावं. मुकादमाला तोंडी सांगितलं ते पुढे कोणाला आठवत नाही.

आता उपचार. इथे मालकाचाच डॉक्टर घ्या अशी सक्ती कायद्यात नाही. मालकाने फुकट डॉक्टर देऊ केला आणि कामगाराने तो नाकारला, एवढ्यावरून भरपाई जात नाही. मात्र नकाराला वाजवी कारण नव्हतं, त्यानंतर दुसऱ्या पात्र डॉक्टरकडे नियमित उपचारही घेतले नाहीत आणि त्यामुळे दुखणं वाढलं, हे सगळं सिद्ध झालं तर वाढलेल्या भागाचे पैसे मिळत नाहीत. नीट उपचार झाले असते तर जेवढी इजा राहिली असती, तेवढीच धरतात. म्हणजे आपला डॉक्टर निवडा, पण मग त्याच्याकडे शेवटपर्यंत जा.

पात्र डॉक्टर म्हणजे वैद्यकीय रजिस्टरमध्ये नोंद असलेला. आपल्याकडे हाड मोडलं की आधी हाडवैद्य आठवतो. त्यांच्यातल्या काहींचा हात चांगला असेलही, त्यावर इथे वाद नको. पण नोंदणी नसेल तर कायद्याच्या हिशेबात तो काळ ‘उपचार नाहीत’ असाच धरला जाण्याची भीती आहे.

खर्चाचं काय? पूर्वी या कायद्यात औषधोपचाराचा खर्च मिळत नसे. २००९ च्या दुरुस्तीने प्रत्यक्ष झालेला वैद्यकीय खर्च मालकाने द्यायचा अशी तरतूद आली. तेव्हा मेडिकलची बिलं, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड हे सगळं एका पिशवीत घालून ठेवावं. आपण सबमिशनच्या फायली जपतो तसंच.

डॉक्टर निवडताना आणखी एक गोष्ट बघायची, जी बहुतेकांच्या डोक्यात येत नाही. तो लिहितो कसा? कारण भरपाईचा आकडा त्याच्या कागदावर उभा असतो. कायद्याच्या परिशिष्टात कोणत्या इजेला कमाईची क्षमता किती टक्के गेली असं धरायचं, ते दिलेलं आहे. अख्खा अंगठा गेला तर ३० टक्के, अख्खी तर्जनी १४, एका हाताची चारही बोटं ५०. हाड न जाता तर्जनीचा फक्त शेंडा गेला तर ५.

इंजिनिअर आहोत तर गणित करून बघू. वय २५, हिशेबाचं वेतन १५,००० रुपये (जानेवारी २०२० मध्ये हीच कमाल मर्यादा ठरवली गेली). त्याचे ६० टक्के म्हणजे ९,०००. या वयाचा गुणक २१६.९१. गुणाकार १९,५२,१९०. तर्जनीचे १४ टक्के काढले की सुमारे २ लाख ७३ हजार. तेच शेंड्याचे ५ टक्के लावले तर ९७ हजारांच्या आसपास. डॉक्टरने नुसतं ‘बोटाला इजा’ असं लिहून कागद दिला, तर यातला कोणता आकडा लावायचा?

बोट जागेवर आहे पण वळतच नाही, अशी इजा परिशिष्टात सरळ सापडत नाही. अवयव कायमचा पूर्ण निकामी झाला असेल तर तो गेल्यासारखाच धरतात, नाहीतर कमाईची क्षमता किती घटली हे पात्र डॉक्टरच ठरवतो. त्यासाठी रोगी काय काम करतो हे डॉक्टरला माहीत हवं. १९७५ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने प्रताप नारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास सबाता हा खटला निकाली काढला. ओडिशातल्या जेपूरला एका सिनेमागृहात काम करताना सुतार पडला आणि त्याचा डावा हात कापावा लागला. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची असमर्थता पूर्ण धरली गेली. तेव्हा केसपेपरवर ‘मजूर’ एवढंच न लिहिता ‘ऊसतोड’, ‘टर्नर’, ‘वेल्डर’ असं लिहून घ्यावं.

हा डॉक्टर वेळ पडल्यास साक्षीला येणाराही हवा. २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजय कुमार या निकालात (तो वाहन अपघाताचा होता) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नुसता दाखला हजर करून भागत नाही, उपचार करणाऱ्या किंवा अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरची साक्ष हवी. कधी न तपासता दाखले देणाऱ्यांपासून सावध राहायलाही सांगितलं. ओळखीने मिळवलेल्या जाड टक्केवारीच्या दाखल्यापेक्षा जिल्हा रुग्णालयातला साधा, खरा कागद माझ्या मते केव्हाही बरा.

ज्यांचा ईएसआय कापला जातो त्यांची वाट वेगळी. त्यांना त्या योजनेचा दवाखाना किंवा पॅनेल डॉक्टर असतो, कायम अपंगत्व मेडिकल बोर्ड ठरवतं, आणि त्याच इजेसाठी मालकाकडे वेगळी भरपाई मागता येत नाही. साखर कारखान्यासारखे हंगामी कारखाने मात्र ईएसआयच्या बाहेर आहेत, त्यामुळे तिथे वर सांगितलेलाच रस्ता.

दाव्याला मुदत अपघातापासून दोन वर्षांची. तो अपघाताच्या जिल्ह्यातच लावावा लागतो असं नाही, कामगार राहतो त्या भागातही लावता येतो. फडात पाय मोडला कोल्हापूरकडे, तरी पाथर्डीचा माणूस नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, दावा लावू शकतो. मुकादम आणि कारखाना एकमेकांकडे बोट दाखवतात तेव्हा दोघांनाही सामनेवाले करतात, कारण ठेकेदारामार्फत आपल्या धंद्याचं काम करून घेणाऱ्या मूळ मालकावरही कायदा जबाबदारी टाकतो. ‘पाच हजार मिळाले, तक्रार नाही’ अशा कागदावर सही घेतली असेल तर घाबरू नका. हक्क सोडून देणारा करार या कायद्यात रद्दबातल आहे.

आपलं ट्रेनिंगचं बघायचं तर, ॲप्रेंटिस म्हणून रीतसर करार असेल तर १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याच्या कलम १६ प्रमाणे मालक भरपाईला जबाबदार असतो. नुसत्या तोंडी ओळखीवर शॉपमध्ये उभं राहिलं तर आपण तिथे होतो हे सांगायलाही कागद नसतो. म्हणून जाताना कॉलेजचं पत्र न्या आणि त्याच्या प्रतीवर कंपनीचा तारखेसह शिक्का पहिल्याच दिवशी मारून घ्या.