दांडा, पट्टा आणि पाण्याची धार

चवथ जवळ आली म्हणजे पेडण्याच्या बाजारातील शिंप्याचे शिवणयंत्र रात्री उशिरापर्यंत चालू असते. डिचोली तालुक्यातील खडी फोडणाऱ्या यंत्राची धडधड त्याहून कितीतरी मोठी आणि कानास नकोशी. वरवर पाहता या दोहोंत काहीच साम्य नाही. तथापि यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ही दोन्ही यंत्रे एकाच कुळातील होत. एका ठिकाणी उत्पन्न झालेली गती दुसऱ्या ठिकाणी पोहोचवावयाची आणि वाटेत तिचे रूप पालटावयाचे, हेच दोहोंचे कार्य. ही गती कधी ताठ दांडा वाहून नेतो, कधी लवचिक पट्टा, तर कधी पाणी वा तेल. या प्रत्येकाचा स्वभाव निराळा आणि प्रत्येकाची इजा करण्याची रीतही निराळी. यंत्रावर काम करू पाहणाऱ्या तरुणाने हे दोन्ही ओळखून असावे.

प्रथम दांड्याचा विचार करू. शिंप्याच्या पायाखालची जाळी वरखाली झुलते, तिला जोडलेला उभा दांडा चाकावरील भुजेस ढकलतो आणि चाक फिरू लागते. जाळी, दांडा व भुजा असे तीन भाग डोळ्यांस दिसतात. चौथा भाग म्हणजे यंत्राचा स्थिर सांगाडा. नवशिक्या विद्यार्थ्यास नेमका त्याचाच विसर पडतो. अशा चार भागांच्या साखळीत एखादा भाग पूर्ण फेरा घेऊ शकेल किंवा नाही, हे सांगणारा नियम जर्मन अभियंता फ्रान्झ ग्रासहोफ याच्या नावाने ओळखला जातो. सर्वांत आखूड व सर्वांत लांब भागांची बेरीज उरलेल्या दोन भागांच्या बेरजेहून अधिक भरली, तर कोणताही भाग पुरता फिरणार नाही. सगळे नुसते झुलत राहतील.

भुजा व दांडा एका रेषेत आले की पायाने कितीही जोर लावला तरी चाक हलत नाही. म्हणूनच शिंपी आरंभी वरच्या चाकास हाताने गती देतो; पुढे चाकाचा वेगच त्यास या अडचणीच्या बिंदूपलीकडे नेतो. शिवणयंत्रातील हा दोष खडीयंत्रात मात्र गुण ठरला. अमेरिकेतील एली व्हिटनी ब्लेक याने १८५८ मध्ये दगड फोडणाऱ्या जबड्याचे पेटंट घेतले. त्यात दोन तक्ते जवळजवळ सरळ रेषेत बसविलेले असतात आणि त्यांचा मधला सांधा किंचित वर उचलला की जबड्यावर प्रचंड दाब येतो. कारागीर या तक्त्यास टॉगल म्हणतात. जबड्यात चुकून लोखंडाचा तुकडा सापडल्यास प्रथम टॉगल तुटावा, मुख्य यंत्र वाचावे, अशा हेतूने तो बेताच्याच ताकदीचा ठेवलेला असतो. तो वारंवार तुटतो म्हणून त्याजागी जाड पोलाद बसविणे हा शहाणपणा नव्हे.

या खडीयंत्रास मोटरीची गती पोहोचते ती बहुधा पट्ट्याने. पट्टा चालतो तो केवळ घर्षणावर. ताणलेली बाजू व सैल बाजू यांतील ताणाचे प्रमाण दोन गोष्टींवर अवलंबून असते: घर्षण किती आणि पट्टा पुलीस किती वेढतो. हे गणित अठराव्या शतकात ऑयलरने मांडले. घर्षणांक ०.३ धरला आणि पट्टा पुलीच्या अर्ध्या परिघास वेढत असला, तर ताणलेल्या बाजूचा ताण सैल बाजूच्या सुमारे अडीच पट होईपर्यंत पट्टा घसरत नाही. वेढा २१० अंशांचा केल्यास हे प्रमाण तिपटीवर जाते. मात्र तोच पट्टा सपाट न ठेवता पाचरीच्या आकाराचा करून ३८ अंशांच्या खाचेत बसविला, की अर्ध्या वेढ्यातही ते सुमारे अठरा पट होते. जुन्या गिरणीतील रुंद चामडी पट्टे मागे का पडले, याचे उत्तर बव्हंशी या एका आकड्यात आहे.

डिचोलीकरांस पट्ट्याची ओळख खाणीमुळे झालेली आहे. खनिज चाळण्याच्या व बार्जमध्ये भरण्याच्या कामी रबरी वाहक पट्टे वापरले गेले. मांडवीतून खाली गेलेले खनिज मुरगाव बंदरात जहाजावर चढविणारी यांत्रिक व्यवस्था १९७९ मध्ये सुरू झाली, तीही पट्ट्यांचीच. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी थांबल्या. डिचोलीच्या खनिज क्षेत्रात २०२४ मध्ये उत्खनन पुन्हा सुरू झाले. दीर्घकाळ उन्हापावसात पडून राहिलेले रबर ताठरते, त्यास भेगा पडतात. असा पट्टा चालू करण्यापूर्वी त्याचे सांधे तपासणारा जाणता माणूस हाताशी हवा.

पट्टा पुलीवर चढतो ती जागा सर्वांत घातक. पदर, ओढणी, मोकळे केस वा सैल बाही तेथे सापडली की क्षणात आत खेचली जाते. १९४८ च्या कारखाने अधिनियमाने फिरत्या भागांस कुंपण घालणे बंधनकारक केले. परंतु दोन-तीन माणसांची पिठाची गिरण कारखान्याच्या व्याख्येत सहसा बसत नसे, आणि दळण घेऊन येणाऱ्या स्त्रिया तर तेथेच उभ्या असतात. लोखंडी जाळीचे एक आवरण ही काही फार खर्चाची बाब नव्हे.

तिसरे साधन पाणी. १८५३ च्या सुमारास कॅलिफोर्नियात सोन्यासाठी डोंगर जलधारेने फोडण्यास आरंभ झाला. वाहून आलेल्या गाळाने नद्या व शेते भरली, आणि अखेर १८८४ मध्ये न्यायालयाने तो गाळ नद्यांत सोडण्यास मनाई केली. खाणीचा गाळ शेतात येणे म्हणजे काय, हे डिचोली तालुक्यातील शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको.

आजची कापणारी जलधारा याहून फार वेगळी आहे. तेलाचा २०० बार दाब मोठ्या दट्ट्यावर द्यावयाचा. त्यास जोडलेल्या लहान दट्ट्याचे क्षेत्रफळ विसावा हिस्सा असले, की पाण्यावर ४००० बार दाब येतो. हे पाणी केसाहून थोड्याच मोठ्या छिद्रातून बाहेर पडते, तेव्हा त्याचा वेग हवेतील ध्वनीच्या वेगाच्या दुपटीहून अधिक असतो. रबर, फोम, कागद साध्या धारेने कापले जातात. पोलाद व ग्रॅनाइट यांसाठी धारेत गार्नेटची बारीक वाळू मिसळतात. उष्णता जवळजवळ निर्माण होत नसल्याने धातूची कड करपत नाही अथवा कडक होत नाही. गंमत अशी की, धारेचे तोंड इकडून तिकडे फिरविणारी चौकट पुष्कळदा दातेरी पट्ट्यावर वा स्क्रूवरच चालते. जुनी साधने निवृत्त झालेली नाहीत.

या धारेची जखम मात्र फसवी असते. त्वचेवर सुईच्या टोकाएवढे छिद्र दिसते, रक्त थोडेच येते, आरंभी वेदनाही फारशी नसते. आत मात्र पाणी व वाळूचे कण दूरवर शिरलेले असतात आणि काही तासांच्या विलंबाने बोट वा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. अशा कामगारास मलमपट्टी करून घरी पाठवू नये. त्यास तत्काळ शस्त्रक्रियेची सोय असलेल्या ठिकाणी, पेडणे वा डिचोलीहून बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, न्यावे. आणि धारेचा दाब किती होता व तीत काय मिसळले होते, हे डॉक्टरांना पोहोचताक्षणी सांगावे.