तांडेल नाही म्हणाला, तर नाही

तुझ्या लेकीनं मोबाइलवर ग्रीसच्या बेटांचे व्हिडिओ पाहिले, आणि आता घरच्यांपुरती एक होडी घेऊन दिवसभर बेटांवर फिरायचं तिच्या डोक्यात बसलंय, असं सूनबाई फोनवर सांगत होती. हौस चांगली आहे, ती मोडू नकोस. ग्रीसला जाल तेव्हा जाल. आपल्याकडं मालवण, हर्णै, मुरूड, अलिबाग असा सगळा किनारा बेटांनी आणि बेटांवरच्या किल्ल्यांनी भरलेला आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यातले सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि खांदेरी हे तिन्ही भर समुद्रात आहेत. शाळेच्या सहली घेऊन मी त्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षं गेले. तिथल्या तांडेलांनी, म्हणजे होडी चालवणाऱ्या म्होरक्यांनी, मला जे शिकवलं तेच तुला सांगते. अंबडला बसून समुद्र कळत नाही, त्यामुळं नीट ऐक.

सगळ्यात आधी मनातून एक गोष्ट काढून टाक. अख्ख्या होडीचे पैसे दिले की माणसाला वाटतं, आजचा दिवस आपला, आपण म्हणू तेव्हा निघायचं आणि आपण म्हणू तिकडं जायचं. गाडी भाड्यानं केली तर तसं चालतं, होडीत चालत नाही. होडी कधी सुटणार, कुठं लागणार, किती वाजता परत फिरणार, हे तांडेल ठरवतो. तो म्हणाला “आता निघा”, तर पोरांचे फोटो राहिले तरी निघायचं. म्हणून होडी बघू नकोस, तांडेल बघ. रंगरंगोटी, गाद्या, गाणी यांवर भुलू नकोस. आदल्या दिवशी संध्याकाळी बंदरावर जाऊन त्या माणसाशी पाच मिनिटं बोल. उद्या वारा कसा राहील असं विचार. जो आधी दर्याकडं बघतो आणि मग बोलतो, त्याची होडी घे. जो विचारायच्या आत “काही होत नाही साहेब” म्हणतो, त्याला नमस्कार करून पुढं जा.

आता भरती-ओहोटी. आपल्या घाणेवाडीच्या तलावाचं पाणी सकाळी जिथं असतं तिथंच संध्याकाळी असतं. समुद्राचं तसं नाही. दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, आणि रोज ती वेळ साधारण पाऊण तासानं पुढं सरकते. याचा हिशोब कोकणातली माणसं तिथीवरून करतात, आणि तिथी तर आपल्या स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर रोजची असते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट कर, भरती पूर्ण व्हायची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनच्या सुमाराला भरती, आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी नऊला, पूर्ण ओहोटी. अष्टमी असेल तर सहाला भरती, बाराला ओहोटी. शुद्ध पक्ष असो की वद्य, हिशोब तोच. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं धरायचा आणि बंदरावर विचारून खात्री करायची. हे लेकीला शिकव. तिला मजा वाटेल, आणि तांडेलाशी बोलताना तुलाही काय विचारायचं ते कळेल.

त्यातही अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, म्हणजे चढउतार कमी. होडीत नवख्या माणसांना, लहान लेकरांना घेऊन जायचं तर भांगेचे दिवस बरे. पण अलिबागचा कुलाबा किल्ला चालत जाऊन बघायचा असेल तर भांगेला पाणी पुरतं हटत नाही, तिथं उधाणाच्या जवळपासची ओहोटी लागते. आणि एकदा पाणी परत फिरलं की ते आधी पायाशी दिसतं, मग बघता बघता गुडघ्याला येतं. कुलाब्याला आत गणपतीचं देखणं मंदिर आहे, तिथं बसावंसं वाटतं. बसा, पण घड्याळ बघून. खांदेरीला थळहून होडी सुटते तीही पाणी पाहूनच. मुरूडसमोरच्या पद्मदुर्गाचंही तसंच आहे, त्यामुळं या ठिकाणी “आम्ही अकराला येतो” असं आपण सांगायचं नसतं, “किती वाजता येऊ” असं विचारायचं असतं.

ग्रीसचे सल्ले वाचून इकडं येऊ नका, हे त्यासाठीच सांगते. तिकडच्या एजियन समुद्रात भरती-ओहोटी जवळजवळ जाणवत नाही. तिथं काळजी वाऱ्याची. जुलै-ऑगस्टमध्ये उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा दिवसच्या दिवस वाहतो आणि होड्या बंदरात अडकून पडतात. तरी त्यांचा फिरायचा हंगाम उन्हाळाच. आपला हंगाम नेमका उलटा. पावसाळ्यात, २६ मे ते ३१ ऑगस्ट, आपल्या किनाऱ्यावरची अशी प्रवासी वाहतूक बंद असते. पण २६ मेच्या आधीचे दिवस कागदावर चालू असले तरी लेकरांना सुट्टी आहे म्हणून ते दिवस धरू नकोस. तोवर दर्याचा रंग बदललेला असतो. २४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कूबासाठी गेलेली पर्यटकांची होडी उलटली आणि दोघांचा जीव गेला. सप्टेंबरातही पाणी गढूळ आणि हेलकावे जास्त. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा काळ. त्यात नाताळचा आठवडा सोड, मालवणात पाय ठेवायला जागा नसते आणि गर्दीत होडीवाल्यांवरही घाईचा ताण येतो. संक्रांत झाली की जा.

निघायचं सकाळी. सातला होडीत बसलेले असा. दुपार चढली की समुद्रावरून जमिनीकडं वारा सुटतो आणि सकाळी काचेसारखं दिसणारं पाणी उसळायला लागतं. जालन्याहून मालवण साडेसहाशे किलोमीटरच्या घरात आहे. रात्रभर गाडी हाकून सकाळी थेट बंदरावर जाऊ नका. रेल्वेनं मुंबई आणि तिथून कोकण रेल्वेनं कुडाळ हा मार्ग लेकरांना सोसवतो. एक दिवस आधी पोचा, झोपा, मग होडी.

पैशाचं बोलणं काठावरच पूर्ण कर. भाडं माणशी आहे की पूर्ण होडीचं? किती तासांचं? थांबलं तर जास्तीचे किती? आणि मालवणात हे आवर्जून विचार: किल्ल्यावर उतरवणार, की नुसती बाहेरून चक्कर मारणार? सगळ्याच होड्या किल्ल्याला लागत नाहीत. डॉल्फिन, देवबागचा संगम, किल्ला असं सगळं एका दमात सांगणाऱ्याला विचार की प्रत्येक ठिकाणी किती वेळ. अर्धे पैसे आधी, अर्धे परत आल्यावर. घासाघीस करायची ती भाड्यात कर, माणसांच्या संख्येत करू नकोस. होडीवर प्रवाशांची क्षमता लिहिलेली असायला हवी. तुमची माणसं मोज, त्यात तांडेल आणि खलाशी धर, मांडीवरचं लेकरूसुद्धा धर. दोन माणसं जास्त होत असतील तर दुसरी होडी कर.

लाइफ जॅकेट धक्क्यावरच घालायचं, समुद्रात गेल्यावर नाही. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या लाँचला नौदलाची स्पीडबोट येऊन धडकली, तेही दिवसाउजेडी. त्यात डझनाहून जास्त माणसं गेली. अशा वेळी बाकाखाली रचलेलं जॅकेट काढून घालायला वेळ मिळत नाही. प्रत्येकाचे पट्टे स्वतः ओढून बघ. खांद्याला धरून जॅकेट वर उचलून पाहायचं, ते कानापर्यंत सरकलं तर सैल आहे. लेकरांच्या मापाचं मागून घे. मोठ्याचं जॅकेट लहानग्याच्या अंगातून वर निघून जातं. नसेल मिळत, तर त्या होडीत लेकरू बसवायचं नाही. सूनबाईला सांग, साडी नको, पंजाबी ड्रेस बरा, ओढणी नको. पायात पट्ट्याच्या चपला. मोबाइल प्लास्टिकच्या पिशवीत. आणि १५५४ हा तटरक्षक दलाचा मदत क्रमांक सगळ्यांच्या फोनमध्ये घाल.

आता तुझ्यासाठीच एक गोष्ट. तू विहिरीत पोहायला शिकलास, सूर मारतोस, आपल्या गावात तुझ्यासारखा पोहणारा नाही, हे मला ठाऊक आहे. पण विहिरीच्या पाण्याला ओढ नसते. समुद्र माणसाला हळूच आत नेतो, आणि हात मारणाऱ्याला कळतही नाही की आपण आहोत तिथंच आहोत. टँकरची वाट बघण्यात उन्हाळे काढलेली आपली माणसं, एवढं पाणी दिसलं की धावत सुटतात, मी ते दरवर्षी बघितलंय आणि दरवर्षी माझ्या पोटात गोळा आलाय. होडीतून उडी मारायची नाही. संगमावर, जिथं कर्ली नदी समुद्राला मिळते, तिथं तर गुडघाभर पाण्यातही लेकरांचा हात सोडायचा नाही. दारू होडीत चढू देऊ नकोस, मग ती कुणाही पाहुण्याची असो.

बोट लागू नये म्हणून सकाळी थोडंच खा, पण उपाशी जाऊ नका. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेलीत तर उत्तम, दोन दिवस टिकतात. आल्याचा तुकडा दाढेत धरायचा. ज्याला गाडी लागते त्यानं गोळी काठावरच घ्यायची आणि होडीच्या मधोमध बसायचं, पुढच्या टोकाला हेलकावे जास्त. नजर लांब क्षितिजावर, मोबाइलवर अजिबात नाही. आपली मोसंबी भरपूर घे, मळमळ होत असेल तर दोन फोडी तोंडात टाकल्या की बरं वाटतं. सालं पिशवीत घालून परत आणायची. तांडेलाला आणि खलाशांनाही मोसंबी दे, जेवताना त्यांना आधी वाढ. लेकरांनी त्यांना मामा म्हणावं.

डॉल्फिन दिसला की सगळे एकाच बाजूला धावतात आणि होडी कलते. आधीच सांगून ठेव, जो जिथं बसलाय तो तिथंच बसेल, तांडेल होडी वळवून दोन्ही बाजूंना दाखवतो. त्या जनावराच्या मागं होडी पळवायचा आग्रह धरू नका.

उतरण्याची वेळ सगळ्यात नाजूक. मुरूडजवळच्या राजपुरीहून शिडाची होडी जंजिरा किल्ल्याच्या दरवाजाशी येते, तेव्हा पायऱ्या शेवाळलेल्या असतात आणि होडी वरखाली होत असते. लाट होडीला वर आणते तेव्हा क्षणभर होडीचा काठ आणि पायरी एका पातळीला येतात. खलाशी दोन्ही हात पुढं करून उभे असतात. त्यांच्या पंजाला नुसतं पकडायचं नाही, एकमेकांचं मनगट धरायचं, आणि ते “या” म्हणतील तेव्हाच पाऊल टाकायचं. दोन्ही हात मोकळे हवेत, पिशव्या नंतर येतात. काठ आणि पायरी यांच्या फटीत हात किंवा पाय कधीही जाऊ द्यायचा नाही.

सिंधुदुर्गावर मात्र वेळ काढून राहा. साध्या फेरीच्या होडीत तासाभरात परत फिरावं लागतं. आपली होडी करायचा खरा फायदा इथंच आहे, म्हणून किल्ल्यासाठी दोन-अडीच तास मागून घे. आधी काठावरचा मोरयाचा धोंडा बघा. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी तिथं पूजा करून कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू केलं. मग होडीतून जाताना लेकीला म्हण, दरवाजा शोध. तटाच्या वळणात तो असा दडवलाय की अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत जवळपास ४८ एकर जागा आहे. तटाच्या पायात शिसं ओतलेलं आहे, चुन्यात महाराजांच्या हाताचा आणि पायाचा ठसा आहे, शिवराजेश्वराचं मंदिर आहे. आणि दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन विहिरी. चारी बाजूंना खारं पाणी आणि मध्ये गोडं. आपल्या भागातल्या माणसानं त्या विहिरींपाशी जरा जास्त थांबावं असं मला वाटतं. प्यायचं पाणी तरी सोबत न्या, आणि खांदेरीला जाल तर नक्कीच न्या, तिथं हॉटेल नाही.

आणि सकाळी सहाला तांडेलाचा फोन आला, “आज नको, वारा आहे,” तर वाद घालू नकोस. आकाश निरभ्र असेल, पाणी तुला शांत दिसेल, शेजारची एखादी होडी सुटतही असेल. साडेसहाशे किलोमीटर आलोय, उद्याचं रिझर्व्हेशन आहे, जास्त पैसे देतो, यातलं काहीही त्याला सांगायचं नाही. त्याची त्या दिवसाची कमाई बुडते, तरी तो नको म्हणतोय, याचा विचार कर. हाताशी एक दिवस मोकळा ठेवूनच जा, म्हणजे दुसऱ्या दिवशी जाता येईल. आणि होडी राहिली त्या दिवशी कुडाळच्या रस्त्यानं धामापूरला जा. १५३० मध्ये बांधलेला तलाव आहे, काठावर भगवतीचं मंदिर आहे, गर्द झाडी आहे. डबा तिथं सोडा.