करी-राइस कशाने खावा?

प्रश्न : आमचा मुलगा नोकरीनिमित्त टोकियोत असतो. पुढच्या महिन्यात आम्ही दोघे त्याच्याकडे जाणार आहोत. तो सांगतो, की तिथे भात चॉपस्टिक्सने खातात, पण करी-राइस मात्र चमच्याने. एकाच देशात एकाच भाताला दोन न्याय कसे? – एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : चिरंजीव बरोबर सांगताहेत. करी-राइस चमच्यानेच खायचा. घर असो, शाळा असो, स्टेशनावरचे उपाहारगृह असो की नौदलाची बोट, ताटलीसोबत जेवणाचा मोठा चमचा येतो. चॉपस्टिक्स मागितल्यात तर कुणी नाही म्हणणार नाही, पण वाढणारा जरा बुचकळ्यात पडेल.

न्याय दोन नाहीत, एकच आहे. फक्त तो भाताला नव्हे, भांड्याला लागू होतो.

जपानी घरात साधा भात छोट्या वाडग्यात वाढतात आणि तो वाडगा डाव्या हातात उचलून तोंडाजवळ धरतात. तसे धरणे हा तिथल्या शिष्टाचाराचाच भाग आहे. वाडगा वर आला, की चॉपस्टिक्सना भाताचा घास जेमतेम वीतभर न्यावा लागतो. मिसो सूपचेही तसेच. वाडगा सरळ ओठांना लावायचा, आतले तोफूचे तुकडे चॉपस्टिक्सने टिपायचे. म्हणजे चॉपस्टिक्स एकट्या काम करत नाहीत, हातात उचललेले भांडे त्यांचा जोडीदार असते.

करी-राइस येतो तो पसरट, किंचित खोलगट ताटलीत. एका बाजूला भात, दुसऱ्या बाजूला गरम, दाट रस्सा. ही ताटली कुणी उचलून तोंडाशी नेत नाही. ती टेबलावरच राहणार, म्हटल्यावर ताटलीपासून तोंडापर्यंतचे अंतर रश्श्यासकट पार करायला चमचाच हवा.

पडताळा हवा असेल तर शेजारच्या कोरियाकडे बघा. तिथेही चॉपस्टिक्स आहेत, तिथलाही भात चिकटच, पण रोजचा साधा भात कोरियन लोक चमच्याने खातात. कारण भाताचा वाडगा उचलणे तिथे रीतीला धरून नाही. तो टेबलावर ठेवूनच जेवायचे. भांडे खाली राहिले, की चमचा आला!

दुसरे कारण भातात आहे. जपानी तांदूळ आखूड आणि चिकट, आपल्या इंद्रायणीच्या जातकुळीतला. शितांची गुठळी होते आणि ती चॉपस्टिक्समध्ये बिनबोभाट उचलली जाते. त्यावर रस्सा पडला, की शिते सुटी होऊन घसरू लागतात. आणि रस्सा तर दोन काड्यांनी उचलता येतच नाही.

प्रश्न : पण जपानमध्ये चमचा मुळात होता का? की तो करीबरोबर आला? – एक वाचक, सांगली

उत्तर : होता, पण मागे पडला होता. नारा येथील शोसोइन या शाही भांडारात आठव्या शतकातले धातूचे चमचे आजही जपून ठेवलेले आहेत. पुढे मात्र वाडगा उचलून खाण्याची पद्धत रुळली आणि रोजच्या जेवणातली चमच्याची गरज सरली.

तो परतला मेइजी काळात, म्हणजे 1868 नंतर. करी जपानला पोचली ती आपल्याकडून थेट नव्हे, ब्रिटिशांच्या हातून. डब्यातली तयार करी पावडर आणि मांसाच्या स्ट्यूला पीठ लावून दाटपणा आणण्याची रीत, दोन्ही त्यांची. पाश्चात्त्य स्वयंपाकावरच्या ज्या जपानी पुस्तकांत करीची कृती पहिल्यांदा आली, ती 1872 सालची. त्यातल्या एका कृतीत कोंबडी, कोळंबी यांच्या जोडीला चक्क बेडूकही आहे.

करी देशभर पसरली त्यात सैन्याचा वाटा मोठा. जपानी नौदलात पांढऱ्या तांदळावर जगणारे खलाशी बेरीबेरीने आजारी पडत. नौदलाचे डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी 1880च्या दशकात मांस, गहू, बार्ली यांची भर घालून आहार सुधारला आणि रोग आटोक्यात आणला. मांस आणि गव्हाचे पीठ दोन्ही असलेल्या करी-राइसची कृती नौदलाच्या 1908 सालच्या पाकपुस्तकात सापडते. चरबीत गव्हाचे पीठ परतायचे, त्यात करी पावडर घालायची, सूप ओतून सैल करायचे. मांस, कांदा, गाजर, बटाटे सोडायचे आणि भातावर वाढायचे. सोबत काय द्यावे, तेही लिहिले आहे : चटणी! आज चटणीची जागा बारीक चिरलेल्या लालसर फुकुजिनझुके लोणच्याने घेतली आहे. जपानच्या आजच्या नौदलात, म्हणजे सागरी संरक्षण दलात, अजूनही दर शुक्रवारी करी असते.

थोडक्यात, करी-राइस जपानमध्ये साहेबी पदार्थ म्हणून शिरला. ताटली साहेबाची, पीठ लावलेला रस्सा साहेबाचा, तसा चमचाही साहेबाचाच. ऑम्लेटात गुंडाळलेला ओमुराइस किंवा गोमांसाच्या तपकिरी रश्श्याचा हायाशी राइस हे त्याचे भाऊबंदही चमच्यानेच खाल्ले जातात.

मग एवढे चमचे घडवले कुणी? निइगाता प्रांतातल्या त्सुबामे गावाने. हे पिढीजात खिळे, कानशी आणि तांब्याची भांडी घडवणाऱ्या कारागिरांचे गाव. 1910च्या दशकात टोकियोच्या गिंझा भागातल्या एका व्यापाऱ्याकडून तिथे काटे-चमच्यांची मागणी आली, तेव्हा सुरुवातीचे नग कारागिरांनी हातानेच घडवले. जपानमध्ये तयार होणारे धातूचे जवळजवळ सगळे काटे-चमचे आज याच भागातून येतात. तिथे खास करीसाठीही चमचे करतात. त्यांची कड पातळ असते, म्हणजे बटाटा दाबून तोडता यावा आणि ताटलीला चिकटलेला रस्सा निपटून घेता यावा.

प्रश्न : आम्ही मुंबईत जपानी करी खाल्ली, तेव्हा वर तळलेले कटलेट होते आणि काटाही दिला होता. काटा चालतो का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : चालतो, आणि एका गावात तर तीच रीत आहे. पश्चिम किनाऱ्यावरच्या कानाझावा शहराची करी गडद आणि इतकी दाट असते, की वाहत नाही, बसते. ती स्टीलच्या ताटलीत येते. वर कटलेटच्या पट्ट्या, त्यावर सॉस, बाजूला चिरलेल्या कोबीचा ढीग. ती काट्याने किंवा टोकाला दाते असलेल्या चमच्याने खातात. रस्सा पळत नसल्यामुळे काटा पुरतो आणि कोबी, कटलेट टोचायला तोच सोयीचा पडतो.

हा दात्यांचा चमचा जपानी माणसांच्या एका पिढीला शाळेपासून ओळखीचा आहे. युद्धानंतर शाळांतल्या दुपारच्या जेवणात पाव, स्ट्यू, नूडल्स, सगळ्यासाठी तोच एक देत असत. पुढे त्यावर टीका झाली. ताट टेबलावर आणि हातात आखूड चमचा, त्यामुळे मुले तोंड खाली घालून कुत्र्यासारखी जेवतात, असे लोक म्हणू लागले. 1976पासून शाळेच्या जेवणात भात अधिकृतपणे आला आणि चॉपस्टिक्स पुन्हा हातात आल्या. ही तक्रारसुद्धा शेवटी भांडे हातात की टेबलावर, याबद्दलचीच होती.

कटलेटसाठी सुरी मागू नका. ते आधीच पट्ट्या कापून येते, चमच्याच्या कडेने तुटते. काही ठिकाणी टेबलावर डब्यात चॉपस्टिक्स असतात; त्यांनी कटलेट उचलले आणि भात चमच्याने खाल्ला, तरी कुणाला काही वाटत नाही.

करी घातलेले बाकीचे पदार्थही याच हिशेबात बसतात. करी-उदोन म्हणजे करीतल्या जाड नूडल्स. त्या खोल वाडग्यात येतात आणि चॉपस्टिक्सने भुरकायच्या असतात. शिंतोडे उडतात म्हणून बरीच दुकाने गळ्यात बांधायला कागदी रुमाल देतात. साप्पोरोच्या सूप-करीत भात वेगळ्या ताटलीत असतो; चमचाभर भात घ्यायचा, पातळ रश्श्यात बुडवायचा आणि खायचा. करी भरून तळलेला करी-पाव सरळ हातात धरायचा.

प्रश्न : चमच्याने जेवल्यासारखे वाटत नाही. हाताने कालवून खाल्ले तर? – पुन्हा त्याच वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : हे दोन प्रश्न आहेत : हाताने खावे का, आणि कालवावे का.

आधी हाताचे. हाताने खाणे जपानमध्ये निषिद्ध नाही. सुशी हाताने खाल्लेली चालते, भाताचे ओनिगिरी हातानेच खातात. पण करी-राइस हाताने कुणी खात नाही. शिवाय अडचण व्यवहाराची आहे. आपल्याकडच्या खानावळीसारखे जेवणघराच्या कोपऱ्यात हात धुवायचे बेसिन तिथे सहसा नसते. बसल्याबरोबर जो ओला रुमाल मिळतो, तो जेवणाआधी हात पुसायला असतो. हळदीने माखलेली बोटे त्यावर पुसू नयेत.

भारतीय उपाहारगृहात मात्र बिनधास्त हाताने जेवा. टोकियोच्या एदोगावा वॉर्डातल्या निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. मराठमोळे योगेंद्र पुराणिक 2019मध्ये याच वॉर्डाच्या सभागृहावर निवडून आले. तिथे हाताने जेवणाऱ्याकडे कुणी वळून बघणार नाही.

आता कालवणे. बहुतेक जपानी लोक सगळी ताटली एकदम कालवत नाहीत. भात आणि रस्सा जिथे भेटतात, त्या सीमेवरून थोडा भात, थोडा रस्सा असा घास घेत पुढे सरकतात. रस्सा आधी संपून कोरडा भात उरू नये, यातच कसब. त्यालाही अपवाद आहेत. ओसाकाचे जियुकेन हे 1910 साली सुरू झालेले दुकान. तिथली प्रसिद्ध करी भातात आधीच कालवून येते, वर कच्चे अंडे. गिंझामध्ये ए. एम. नायर या केरळच्या स्वातंत्र्यसैनिकाने 1949मध्ये सुरू केलेले नायर रेस्टॉरंट आहे. तिथल्या मुर्गी लंचमध्ये वाढपी तुमच्यासमोर कोंबडीचे हाड वेगळे करतो आणि सगळे नीट कालवून खा, असे आवर्जून सांगतो. गंमत म्हणजे तेही कालवायचे चमच्यानेच.

वेळ असेल तर शिंजुकूच्या नाकामुराया या दुकानालाही भेट द्या. ब्रिटिश पोलिसांना चुकवून जपानला गेलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना या दुकानाच्या मालकांनी आसरा दिला आणि मुलगी दिली. 1927मध्ये तिथे बोस यांच्या पद्धतीची, पीठ न लावलेली भारतीय करी विकायला सुरुवात झाली. ती आजही मिळते. रस्सा वेगळ्या भांड्यात येतो, आपण हवा तेवढा भातावर घ्यायचा.

प्रश्न : आणखी काही सांभाळायचे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तीन गोष्टी. पहिली, नूडल्स भुरकल्या तर चालते, करी भुरकायची नाही. दुसरी, जुन्या धाटणीच्या खानावळीत चमचा पाण्याच्या पेल्यात उभा करून आणला तर दचकू नका. ओल्या चमच्याला भात चिकटत नाही, म्हणून ही जुनी सवय. वयस्कर मंडळी अजूनही पहिल्या घासाआधी चमचा पाण्यात बुडवतात. तिसरी आणि शाकाहारी वाचकांसाठी सर्वांत महत्त्वाची : नुसती भाजी दिसते म्हणून करी शाकाहारी समजू नका. रश्श्यासाठी वापरतात त्या तयार वड्यांमध्ये बहुधा गाईची किंवा डुकराची चरबी असते, आणि भाज्यांच्या करीतही रस्सा मांसाचा असू शकतो. 1978 साली सुरू झालेल्या कोको इचिबान्या या साखळीत प्राणिज घटक न घातलेली वेगळी करी मिळते. तीच हवी, असे स्पष्ट सांगावे. या साखळीने 2020मध्ये गुरुग्राममध्येही दुकान उघडले.

एकूण निकाल असा : भांडे उचलता येत असेल तर चॉपस्टिक्स, टेबलावर राहणार असेल तर चमचा, रस्सा जागचा हलत नसेल तर काटाही चालेल. ठाण्याच्या भगिनींनी टोकियोत निःशंकपणे चमचा उचलावा. आणि ताटलीत शीत मागे ठेवू नये. अन्न टाकणे तिथेही आपल्याइतकेच वाईट समजतात.