खोड: पाप की स्वभाव?



पापनिवेदनाला जाताना आपल्यापैकी पुष्कळांना प्रश्न पडतो: माझा तापटपणा सांगायचा का? ते पाप आहे की नुसती खोड?

मराठीत 'ते खोड' म्हणजे झाडाचा बुंधा आणि 'ती खोड' म्हणजे अंगी जडलेली वाईट सवय. बैल घेताना आपण विचारतो, "याला काही खोड नाही ना?" म्हणजे मारका नाही ना, चालता चालता बसत नाही ना? एकदा घडते ती चूक. पुन्हा पुन्हा घडते ती खोड. गंमत अशी की, शेजारणीला चहाडीची 'खोड' असते आणि आपण तेच केले की 'माझा स्वभावच तसा' होतो! 'जित्याची खोड' ही म्हण तर आपण सुधारणेचे दार लावून घ्यायलाच वापरतो.

ख्रिस्तसभा याकडे बारकाईने पाहते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद १८६५) म्हटले आहे की, तेच पाप वारंवार केल्याने दुर्गुण निर्माण होतो. सवयीमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, प्रसंगी उरतही नाही, हेही तोच ग्रंथ सांगतो (१७३५). म्हणजे रागीट स्वभाव हे पाप नव्हे. पण त्या रागात सुनेला चारचौघांत घालूनपाडून बोललो, ते सांगायला हवे. "फादर, मी तापट आहे," एवढ्यावर धर्मगुरूंनी काय सल्ला द्यावा? अशा रोजच्या लहान अपराधांचे निवेदन सक्तीचे नाही, परंतु ख्रिस्तसभा त्याची आग्रहाने शिफारस करते (१४५८).

खोड मोडण्यासाठी संत इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकात साधा उपाय दिला आहे. पोपमहोदयांनी १५४८ साली त्या पुस्तकाला मान्यता दिली. एका वेळी एकच दोष निवडायचा. सकाळी उठताच तो टाळण्याचा निश्चय करायचा. दिवसात तो घडला की छातीवर हात ठेवायचा. चारचौघांतही हे कोणाच्या लक्षात येत नाही. दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर आठवून, जितक्या वेळा घसरलो तितके ठिपके कागदावर मांडायचे. मग दुपारची रात्रीशी, आजची कालशी, या आठवड्याची मागच्या आठवड्याशी तुलना करायची.

घरच्या दिनदर्शिकेवरही हे ठिपके देता येतील. ते कशाचे, हे घरच्यांना सांगायला नको. बहुधा त्यांना आधीच ठाऊक असते.