बाजारातील व्याज आणि पुस्तकातील व्याज

नागपूर शहरातील इतवारी ही विदर्भातील एक जुनी व मोठी पेठ होय. धान्य, किराणा, कापड, भांडी व सराफी अशा सर्व खरेदीसाठी आसपासच्या तालुक्यांतील कुटुंबे येथे येतात. लग्नसराईत तर वर्षभराच्या मिळकतीचा मोठा वाटा एकाच दिवसात खर्ची पडतो. रोख अपुरी पडली की उधारीची बोलणी सुरू होतात. या बोलण्यांतील व्याजाची भाषा आपल्या गणिताच्या तासाला क्वचितच ऐकू येते, याकडे शिक्षकबंधुभगिनींचे लक्ष वेधावयाचे आहे.

पुस्तकात व्याज ‘द. सा. द. शे.’ असे लिहिलेले असते. उसनवारीत ते ‘महिना शेकडा दोन’ असे सांगितले जाते, आणि दोन हा आकडा कानाला हलका वाटतो. ‘द. सा. द. शे. १२’ चे उदाहरण बिनचूक सोडविणाऱ्या मुलाला ‘महिना शेकडा दोन’ म्हणजे वर्षाचे २४, हे सुचत नाही. दोष त्याचा नव्हे. तसे त्याला कोणी विचारलेलेच नसते.

दुसऱ्या प्रकारात व्याज हा शब्दच उच्चारला जात नाही. समजा, कापडाची रोखीची किंमत ४,००० रुपये आणि चार महिन्यांच्या उधारीची ४,४०० रुपये आहे. ‘चारशेच तर जास्त,’ असे म्हणून ग्राहक मान डोलावतो. परंतु चार महिन्यांस शेकडा १० म्हणजे वर्षास ३० झाले. दुकानदाराचे भांडवल अडकते, तेव्हा त्याने अधिक मागणे गैर नाही. मात्र दोन्ही भाव विचारून घेण्याचा संकोच ग्राहकाने का धरावा?

हप्त्यांचा हिशेब वर्गात अवश्य करून घ्यावा, कारण तेथे शिकलेली माणसेही चुकतात. १२,००० रुपयांचे कर्ज, मुदत १२ महिने, व्याज पूर्ण मुद्दलावर १२ टक्के. व्याज १,४४० रुपये. दरमहा हप्ता १,१२० रुपये. वरवर पाहता दर १२ च दिसतो. पण दर महिन्यास १,००० रुपये मुद्दल परत जात असते. म्हणून फळ्यावर १२, ११, १० असे १ पर्यंत आकडे मांडून बेरीज करवावी. ती ७८ येते. ७८,००० ला १२ ने भागले असता सरासरी ६,५०० रुपयेच वर्षभर वापरावयास मिळाले, असे दिसते. ६,५०० वर १,४४० म्हणजे दर २२ हून अधिक! हा आकडा मुलांनी स्वतः काढावा, आपण सांगू नये.

याच तासाला पावतीविषयी बोलता येईल. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये सावकाराजवळ परवाना असला पाहिजे, मिळालेल्या रकमेची पावती त्याने दिली पाहिजे, आणि व्याजाची कमाल मर्यादा शासन ठरविते. बँकेचे पासबुक, दुकानाचे पक्के बिल, वीजदेयक हे कागद वाचनपाठासारखे वाचून घ्यावेत. तारीख, दर, परिमाण व बाकी कोठे लिहिली आहे, ते मुलांनी बोट ठेवून दाखवावे.

एक पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. घरच्या कर्जाचे आकडे मुलांना वर्गात विचारू नयेत. खेड्यात कोणाचे दागिने गहाण आहेत, ही गोष्ट नाजूक असते, आणि अशा प्रश्नाने मान खाली घालणारे मूल दुसऱ्या दिवशी शाळेत येईलच असे नाही. उदाहरणांतील नावे व रकमा शिक्षकाने स्वतः योजाव्यात. आणलेल्या बिलांवरील नाव कागदाच्या पट्टीने झाकून मगच ती वर्गात फिरवावीत.